लंडी खानाची गाडी

ठाण्याच्या कोर्ट नाक्याजवळ मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीकडे टक लावून उभ्या राहणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात, आणि ते रास्तच आहे. शेजारच्या सेंट्रल मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, कोर्टात तारखेला आलेली माणसं वकिलाची वाट बघत चहा पीत होती. भिंतीत रस असलेला मी एकटाच.

युद्धकैदी झालेल्या वैमानिकांनी केलेली पलायनं हा माझा सध्याचा नाद. विमान पडतं, छत्रीने उतरलेला वैमानिक शत्रूच्या हाती लागतो, छावणीत कोंडला जातो आणि पहिल्या आठवड्यापासून बाहेर पडायचे बेत आखू लागतो. या विषयात शिरलेला वाचक फार लवकर भुयारांच्या मागे लागतो. भुयारांचं गणित, त्यातली माती लपवायच्या युक्त्या, हे सगळं इतकं चवीचं असतं की भुयाराच्या दुसऱ्या तोंडापाशी आपण पुस्तक मिटून टाकतो. मला मात्र त्या तोंडापासून पुढचं बघायचं होतं, आणि त्यासाठी सुरुवात ठाण्यापासून करणं भाग होतं. आपल्या मुलखातलं सगळ्यांत गाजलेलं पलायन याच भिंतीआडून झालं आहे. तो कैदी वैमानिक नव्हता. विमानं यायला अजून शतकभर अवकाश होता.

“काका, आतून भुयार आहे,” सरबतवाल्याने न विचारता सांगितलं. “थेट खाडीपर्यंत.”

“कोणी बघितलंय?”

“आता बुजवलंय.”

महाराष्ट्रात भुयार नसलेला किल्ला मला अजून सापडायचा आहे. ते नेहमी चार कोसांवरच्या देवळात निघतं, त्यातून घोडेस्वार जाऊ शकतो आणि ते नेहमीच आता बुजवलेलं असतं. ठाण्याचा किल्ला तर खाडीच्या काठावर. पोर्तुगीजांनी तो १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. पुढे १८३३ मध्ये त्याचा तुरुंग झाला. इथे दोन पुरुष खोल खणलं तर आधी भरतीचं पाणी भेटायला येईल. त्र्यंबकजी डेंगळ्यांना भुयाराची गरज पडली नाही, हे मी सरबतवाल्याला सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, त्याचा ठपका त्र्यंबकजींवर आला आणि एल्फिन्स्टनने पेशव्याकडून त्यांना मागून घेतलं. ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात. इंग्रजांनी एक खबरदारी फार विचारपूर्वक घेतली होती. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले. एतद्देशीय शिपाई फितूर होईल ही भीती. त्या खबरदारीनेच घात केला. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठी मोतद्दार होता. तो साहेबाचा घोडा फिरवायला त्र्यंबकजींच्या खिडकीखालून जायचा आणि जाता-येता गाणं म्हणायचा. बाहेरच्या बातम्या, बेत, ठरलेली वेळ, सगळं गाण्यातून. पहारेकरी ऐकत होते. कोणाला मराठीचा गंध नव्हता. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी, काळोखात आणि पावसात, शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून त्र्यंबकजी निघून गेले.

हे सगळं ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या इतिहासात आहे. मी ते पुन्हा वाचलं मराठी ग्रंथसंग्रहालयात, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेची मुलंमुली मान मोडून बसलेली. ग्रंथपालांनी पुस्तक हातात ठेवताना विचारलं, “संशोधन?” मी मान हलवली. जेलफोडीवर वाचतोय म्हणायचं धाडस झालं नाही.

डफ वाचताना नजर भोकावरून घसरते आणि पुढच्या पानांवर अडकते. त्र्यंबकजी बाहेर पडले ते त्यांच्या स्वतःच्या जगात. खाडीपलीकडे डोंगर, डोंगरांत भिल्ल, रामोशी, मांग. प्रत्येक घाटवाट ओळखीची, प्रत्येक वाडीत भाकर मिळणार. इंग्रजांना ते पावणेदोन वर्षं सापडले नाहीत. मे १८१७ मध्ये त्र्यंबकजींना हवाली करण्याच्या अटीपोटी पेशव्याने सिंहगड, पुरंदर आणि रायगड गहाण टाकले, तरीही सापडले नाहीत. १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली, तेव्हा नाशिककडे पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात रवाना झाले. इंग्रजांना तेवढं कळलं होतं: या माणसाला कोंडायचं तर जिथली गाणी त्याला समजत नाहीत तिथे.

दुपारी ठाण्याहून डोंबिवलीची फास्ट पकडली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यात थांबली होती. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ कल्याणपर्यंत पोचले. माझ्या शेजारचे गृहस्थ कळवा सुटताच सवयीने म्हणाले, “आता पारसिक.” पण पारसिक आलं नाही. सव्वा किलोमीटरहून लांब हा बोगदा शंभर वर्षं फास्ट लोकलचा होता. आत शिरताना कान दडपायचे, खिडकीतली पोरं ओरडायची. २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाली तेव्हापासून तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात आणि आमची फास्ट मुंब्र्याच्या वळणाने डोंगराला वळसा घालते. गृहस्थांना हे ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं.

बोगद्यांचा विषय निघालाच आहे तर झागानचं उरकून घेतो. आजच्या पोलंडमधली ही जर्मनांची वैमानिकांसाठीची छावणी, श्टालाग लुफ्त तीन. जागा मुद्दाम रेताड निवडलेली, म्हणजे भुयार ढासळेल. वरची माती करडी आणि खालची वाळू पिवळीधमक, म्हणजे उपसलेली वाळू लगेच दिसेल. तरी कैद्यांनी टॉम, डिक आणि हॅरी अशी तीन भुयारं काढली. हॅरी जमिनीखाली सुमारे नऊ मीटर खोल आणि शंभर मीटरहून लांब. आधाराला खाटांच्या फळ्या, हवेसाठी दूध पावडरच्या रिकाम्या डब्यांची नळी. २४ मार्च १९४४ च्या रात्री दोनशे जण जायचे होते. तोंड उघडल्यावर कळलं की भुयार झाडीपर्यंत पोचलेलंच नाही, आधीच संपलंय. त्यातूनही ७६ जण बाहेर पडले. या पलायनावरचा सिनेमा इथे रंगात येतो. हिशेब असा: ७३ पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या, तिघे सुटले. त्या तिघांत दोन नॉर्वेजियन आणि एक डच. एकही इंग्रज नाही. मार्च महिन्यातला बर्फ, जर्मन तिकीट तपासनीस, फलाटावरचा प्रश्न आणि त्याला द्यायचं उत्तर, इथे बाकीचे अडकले. शंभर मीटर खणायला वर्ष लागलं, आणि ते त्या मानाने सोपं होतं.

डोंबिवलीत पूर्वेला एका निवृत्त हवाईदलवाल्यांकडे जायचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, नोकरी पॅराशूट आणि वैमानिकांचे सूट सांभाळणाऱ्या विभागात गेलेली. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला, दारात वेताच्या खुर्च्या. काकूंनी आधी पाणी आणि चकली समोर ठेवली, मग ते काय सांगणार याकडे पाठ करून टीव्ही लावला. पन्नास वर्षं ऐकलंय, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

मला त्यांना रावळपिंडीबद्दल विचारायचं होतं. गोष्ट त्यांना ठाऊक होतीच. हवाई दलातल्या त्यांच्या पिढीला ती तोंडपाठ आहे.

१० डिसेंबर १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पडलं. १९६५ च्या युद्धात याच माणसाच्या विमानाला गोळ्या लागल्या, उजव्या खांद्याला जखम झाली, उडी मार असा सल्ला मिळाला, तरी त्याने विमान परत आणून उतरवलं होतं. त्यासाठी वायुसेना पदक. आपण कधी पकडले गेलोच तर पळून येणार, हे त्यांनी युद्धाच्या आधीच मित्रांना सांगून ठेवलेलं. रावळपिंडीच्या छावणीत बारा भारतीय वैमानिक एकत्र आले. वरिष्ठ विंग कमांडर कोएल्हो, स्क्वाड्रन लीडर जाफा आणि कामत, भार्गव, चाटी, कुरुविला, मुल्ला-फिरोज आणि इतर. नाताळच्या दिवशी छावणीचा प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद त्यांच्यासाठी केक घेऊन आला. पारुळकरांनी केक खाल्ला आणि भिंती बघून ठेवल्या.

जिनिव्हा करार कैद्याला दोन गोष्टी देतो ज्यांचा इथे उपयोग झाला. एक म्हणजे महिन्याचा भत्ता, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्याला पन्नास स्विस फ्रँकांइतका. त्या पैशांतून कपडे आले, बेगमी झाली. दुसरी गोष्ट जास्त मजेची. पळताना पकडला गेलेला युद्धकैदी गुन्हेगार ठरत नाही. त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, जास्तीत जास्त तीस दिवस. कोर्ट नाक्याच्या भिंतीआडून पळणाऱ्याला कायदा असा कधीच मोठ्या मनाने वागवणार नाही.

“पाणी कशात नेलं ठाऊक आहे?” काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठले. आतून काही आणतील असं वाटलं, पण त्यांनी स्वतःच्या मांडीला आणि पोटाला हात लावून दाखवलं. “जी-सूट. विमान जोरात वळलं की रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून इथे, इथे आणि इथे रबरी पिशव्या. हवा भरली की आवळतात, रक्त वर राहतं. त्या पिशव्या काढून यांनी पखाली केल्या.” आयुष्यभर सांभाळलेल्या वस्तूचा असा उपयोग झाल्याचा त्यांना अजून आनंद होता. शिवणाच्या सुईला चुंबक करून होकायंत्र केलं, तेही त्यांनी सांगितलं. पण जी-सूटइतक्या प्रेमाने नाही.

भुयार त्यांनीही खणलं नाही. कोठडीच्या भिंतीतल्या विटा एकेक करून सैल केल्या. पलंगाखाली माणूस पोटावर पडून खरवडतोय, बाकीचे पत्ते खेळत आवाज झाकताहेत. बाहेरच्या अंगाचा गिलावा शेवटपर्यंत तसाच ठेवलेला. १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळ आलं, पहारेकरी आडोशाला गेला आणि मध्यरात्र उलटल्यावर पारुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी तो पापुद्रा फोडून बाहेर पडले. शेजारच्या आवारातून रस्त्यावर आले तर सिनेमाचा शेवटचा खेळ सुटलेला. त्या गर्दीत मिसळून गेले. मग पेशावरची बस, पहाटे पेशावर, टांगा, जमरूद, तिथून बसच्या टपावर बसून खैबर खिंडीतून लंडी कोतल. सकाळी साडेनऊपर्यंत अफगाण सरहद्द चार-पाच मैलांवर होती. भिंतीपासून इथपर्यंत एकही चूक नाही. मी हे ऐकताना, आधी वाचलेलं असूनही, चकली हातात धरून बसलो होतो.

शाळेच्या जुन्या ॲटलासात खैबरची रेल्वे लंडी कोतलच्या पुढे लंडी खानापर्यंत दाखवलेली होती. म्हणून त्यांनी चहाच्या दुकानाजवळ विचारलं, लंडी खानाला कसं जायचं?

खैबर रेल्वेही बघण्यासारखी चीज. जमरूदहून लंडी कोतलपर्यंत नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू झाली, चौतीस बोगदे. पुढच्या वर्षी रूळ लंडी खानापर्यंत गेले आणि १९३२ मध्ये तो शेवटचा तुकडा बंद पडला. म्हणजे जी गाडी चाळीस वर्षांपूर्वी बंद झाली, तिच्या गावाचा पत्ता हे तीन अनोळखी तरुण विचारत होते. आजूबाजूला तेव्हा कोणाच्याही तोंडी तोरखम हे नाव असे. सरहद्दीवरचं ठाणं तेच. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाचे कान टवकारले. त्याला वाटलं, हे बंगाली. बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने काबूलकडे निसटत होते आणि त्यांना अडवणं हा त्या भागातला धंदा होऊन बसला होता. हिंदुस्थानी वैमानिक असतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलातले, सुट्टीवर फिरायला आलोय, असं सांगितलं. नावं ख्रिस्ती सांगितलेली. ते टिकलं नाही. प्रकरण पोलिटिकल एजंट मेजर बर्कीपुढे गेलं. तिथे हेर म्हणून काय होईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा पारुळकरांनी एक फोन मागितला: पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा एडीसी. तो एडीसी म्हणजे केक आणणारा उस्मान हमीद. त्याच्या एका शब्दावर तिघांचे जीव वाचले.

“बाकीच्या नऊ जणांचं काय झालं ते कोणी विचारत नाही,” काका म्हणाले. खरं आहे. मागे राहिलेल्यांवर सगळा राग निघाला. पुढे सर्वांना लायलपूरच्या तुरुंगात नेलं, आणि १ डिसेंबर १९७२ ला बाराही जण वाघ्यावरून चालत परत आले. फेथ जॉन्स्टन या कॅनेडियन लेखिकेने या बारा जणांवर चांगलं पुस्तक लिहिलंय. जाफांचं आत्मकथन वेगळं. पारुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदक मिळालं, ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, आणि १० ऑगस्ट २०२५ ला पुण्यात वारले. मराठीत त्यांच्यावर असायला हवं तेवढं लिहिलं गेलेलं नाही, हे माझं मत. त्र्यंबकजींवर मात्र कादंबऱ्यांपासून पोवाड्यांपर्यंत सगळं खपतं.

त्या बारांतलेच जवाहरलाल भार्गव. त्यांचं मारुत विमान ५ डिसेंबर १९७१ ला सिंधमध्ये पडलं आणि ते पकडले जाण्याआधी वाळवंटातून सरहद्दीकडे चालत सुटले होते. गावकऱ्यांना सांगितलं, मी पाकिस्तानी वैमानिक, मन्सूर अली. पाणी मिळालं, रस्ता मिळाला. मग एका रेंजरने म्हटलं, कलमा म्हणा. संपलं.

जिना उतरताना काकांनी कठड्यावरून वाकून एक नाव घेतलं, “तांबेंचं लिहाल ना?” फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. भार्गव पडले त्याच दिवशी त्यांचंही सुखोई पडलं. पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांत त्यांचं नाव छापून आलं आणि नंतर कधीच कोणत्या यादीत नाही. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडू. लग्नाला दीड-दोन वर्षंच झालेली. सरकारी यादीतल्या ५४ बेपत्तांमध्ये ढवळे, कदम, महाजन अशीही नावं आहेत. २००७ मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत फिरवून आणलं. कोणी सापडलं नाही. वाघ्यावरून बारा जण आले त्या दिवशी ही घरंसुद्धा रेडिओला कान लावून बसलेली असणार.

कल्याणला उतरलो ते युद्धकाळातलं विमानतळ बघायला. दुसऱ्या महायुद्धात या पट्ट्यात सैन्याचा मोठा तळ पडला होता. त्याच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. तळाच्या जोडीला नेवाळीची धावपट्टी. मलंग रोडने रिक्षा निघाली. दुतर्फा मार्बलची दुकानं, मंगल कार्यालयं, अर्धवट इमारती आणि मधूनच उघडणारा मलंगगडाचा सुळका. रिक्षावाला तिशीतला, आगरी, भाऊबंदकीची जमीन धावपट्टीच्या हद्दीत गेलेली. धावपट्टी म्हणजे आता गवत आणि त्यातून डोकावणारे काँक्रीटचे तुकडे. गुरं चरत होती. सरकारने युद्धासाठी घेतलेली शेतं युद्ध संपल्यावर परत मिळतील असं गावांना वाटत राहिलं. संरक्षण खात्याने भिंत घालायला घेतली तेव्हा, जून २०१७ मध्ये, रस्त्यावर गाड्या जळाल्या आणि पोलिसांच्या छऱ्यांनी माणसं जखमी झाली.

“भिंत कशाला बघताय?” त्याने विचारलं. मी त्याला रावळपिंडीची गोष्ट सांगितली, थोडक्यात. जी-सूटवर तो खूश झाला नाही. कारकुनापाशी आलो तेव्हा मात्र त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

“मला पण कळलं असतं,” तो म्हणाला. “स्टेशनवर गिऱ्हाईक बोललं ना की ‘उल्हासनगर तीनला सोडा’, की समजायचं पाहुणा आहे. इथला माणूस ‘कॅम्प तीन’ बोलणार. त्याला भाडं पण बरोबर माहीत असतं.”

“मग पाहुण्याला भाडं जास्त लावता?”

“मीटर आहे की साहेब,” तो म्हणाला आणि हसला. मीटर नव्हता. कल्याणला परत सोडू की विठ्ठलवाडी जवळ पडेल, असं त्याने विचारलं. विठ्ठलवाडी म्हटलं.